वेठ आणि सेवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, दत्तजयंतीच्या दिवशी घरोघर एक छोटीशी धावपळ ठरलेली असते. मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास जन्मकाळ, त्याआधी सुंठवडा तयार हवा, आणि ऐनवेळी लक्षात येतं की डब्यात सुंठच नाही! मग आजी नातवाला हाक मारते, "जा रे बाळा, वाण्याकडून सुंठ घेऊन ये, पटकन." एवढंच सांगणं. नातू पायात चपला सरकवतो आणि निघतो.

आता अशी कल्पना करा की नातू नोकरीसाठी दूरदेशी आहे आणि त्याने आजीच्या सोबतीला घरात एक बुद्धिमान यंत्रमानव आणून ठेवला आहे. आजीने त्यालाच सांगितलं, "सुंठ घेऊन ये." तो कसा विचार करील? प्रश्न पोरखेळाचा वाटेल. पण गेली पन्नास-साठ वर्षं जगातले मोठमोठे विद्वान याच प्रश्नाशी झटत आहेत. त्यांच्या वाटेत जे खाचखळगे आले ते वाचताना आपल्याला सारखी आपल्याच पुराणांची आठवण होते. सांगितलेलं काम करणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न धौम्य ऋषींच्या आश्रमातही होता आणि आपल्या स्वयंपाकघरातही आहे. दत्तजयंतीच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करू.

न सांगितलेलं काम

आजीने सांगितलं सात-आठ शब्दांत. पण न सांगितलेलं किती आहे बघा. सुंठ विकत आणायची, दुकानातून उचलून नाही. दुकानात चार माणसं आधी उभी असली तर थांबायचं, म्हातारं माणूस मागे असलं तर त्याला पुढे जाऊ द्यायचं. वाण्याचं दुकान बंद असेल तर पुढच्या दुकानात जायचं, पण सुंठीसाठी पुण्याहून मुंबई गाठायची नाही. चांगली आहे की किडकी, हे नाकाने ओळखायचं. जिभेवर ठेवून नाही, कारण ती नैवेद्याची आहे. जन्मकाळ होऊन गेल्यावर आणून उपयोग नाही. आणि वाटेत शेजारचे आजोबा चक्कर येऊन पडलेले दिसले, तर सुंठ गेली खड्ड्यात, आधी त्यांना उचलायचं.

यातलं काहीही आजी बोलली नाही. बोलायला बसली असती तर पौर्णिमेची प्रतिपदा झाली असती. नातवाला ते सांगावं लागत नाही, कारण तो त्या घरात वाढला आहे. यंत्र मात्र घरात वाढलेलं नसतं, ते घरात आणलेलं असतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत, 1966 ते 1972 या काळात 'शेकी' नावाचा यंत्रमानव तयार झाला. चालताना थरथरायचा म्हणून त्याचं हे नाव. आपण काय करतो आहोत याचा स्वतः विचार करून हालचाल करणारं ते पहिलं फिरतं यंत्र मानतात. त्याचं जग म्हणजे काही खोल्या, काही दारं आणि काही मोठे ठोकळे. "अमुक ठोकळा तमुक खोलीत ढकल" असं सांगितलं की तो पायऱ्या पायऱ्यांनी बेत आखायचा: आधी दारापर्यंत जा, मग पलीकडच्या खोलीत जा, मग ठोकळ्याच्या मागे उभा राहा, मग ढकल. आपलं लहान मूल जे खेळता खेळता करतं, त्यासाठी त्या यंत्राला मोठ्या संगणकाचा आधार आणि बराच वेळ लागायचा. तेही, खोलीत ठोकळ्यांशिवाय दुसरं काही नाही अशा नीटनेटक्या जगात! आपल्या घरात तर मांजर आडवं येतं, दाराशी रांगोळी असते, आणि पाहुणे न सांगता येतात.

हे काम करताना विद्वानांना एक विचित्र अडचण सापडली. 1969 मध्ये जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज या दोघांनी ती मांडली. आपण एखादी गोष्ट केली की जगात थोडंसं काही बदलतं आणि बाकीचं सगळं आहे तसंच राहतं. मी तांब्या उचलला तर तांब्याची जागा बदलली, पण भिंतीचा रंग बदलला नाही आणि देवघरातली समई विझली नाही. हे आपल्याला कळतं. यंत्राला कळवायचं, तर न बदलणाऱ्या गोष्टींची यादी द्यावी लागते, आणि ती यादी संपतच नाही.

डॅनियल डेनेट या तत्त्वज्ञाने 1984 मध्ये यावर एक मार्मिक गोष्ट रचली. एका यंत्रमानवाची वीजघट म्हणजे बॅटरी एका खोलीत आहे आणि त्याच खोलीत लवकरच फुटणारा बॉम्बही आहे. बॅटरी एका हातगाडीवर ठेवलेली आहे. यंत्राने हातगाडी ओढून बाहेर आणली. बॅटरी आली खरी, पण बॉम्बही त्याच गाडीवर होता! तो तिथे आहे हे यंत्राला माहीत होतं. गाडीबरोबर तोही बाहेर येईल, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. मग दुसरं यंत्र केलं, जे प्रत्येक कृतीचे सगळे परिणाम आधी तपासतं. ते गाडी ओढल्याने खोलीच्या भिंतींचा रंग बदलेल का, इथपासून तपासत बसलं आणि बॉम्ब फुटला. तिसऱ्याला शिकवलं की बिनकामाच्या गोष्टींकडे दुर्लक्ष कर. तेही जागचं हललं नाही. कारण ते दुर्लक्ष करण्याजोग्या हजारो गोष्टी एक एक करून बाजूला काढत बसलं होतं.

पहिला धांदरट, दुसरा चिकित्सक, तिसरा नुसता तयारी करणारा. हे तिघे आपल्या ओळखीचे आहेत की नाही? प्रत्येक घरात आणि प्रत्येक उत्सव समितीत ते सापडतात.

नियम वाढवून भागेल का?

कोणी म्हणेल, यंत्राला नियम नीट घालून दिले की झालं. आयझॅक असिमॉव्ह या लेखकाने 1942 सालच्या एका कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घातले: माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, आणि या दोहोंना बाध येत नसेल तर स्वतःला जपावं. नियम किती शहाणे! पण त्याच कथेत काय होतं पाहा. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम नावाचं द्रव्य आणायला पाठवतात. आज्ञा सहज, जाता जाता दिलेली; आणि यंत्र महागडं, म्हणून स्वतःला जपण्याचा नियम त्याच्यात जास्त पक्का केलेला. सेलेनियमच्या कुंडाजवळ धोका आहे. जवळ गेला की जिवाची भीती मागे ओढते, लांब गेला की आज्ञा पुढे ढकलते. बिचारा कुंडाभोवती गोल गोल फिरत राहतो. अखेर एक माणूस मुद्दाम स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा पहिला नियम जागा होतो आणि स्पीडी त्या फेऱ्यातून सुटतो.

आपल्याकडे पंचतंत्रात याहून जुनी गोष्ट आहे. राजाने माकडाला सेवक ठेवलं. राजा झोपला असताना अंगावर माशी बसू द्यायची नाही, एवढंच काम. माशी हाकलली तरी पुन्हा येते, म्हणून माकडाने तलवार उचलली. माशी उडाली आणि राजा गेला. माकड आळशी नव्हतं, कामचुकार नव्हतं, राजावर त्याचं प्रेमही होतं. माशी कुणासाठी हाकलायची, तेवढंच ते विसरलं. आपण ज्याला सांगकाम्या म्हणतो, तो हाच.

आता धौम्यांच्या आश्रमात या. गुरुचरित्राच्या सोळाव्या अध्यायातही धौम्यांच्या शिष्यांची कथा आपण वाचतो; मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे. उपमन्यूला गुरूंनी गाई राखायला सांगितल्या. गुरूंनी विचारलं, तू धष्टपुष्ट दिसतोस, खातोस काय? तो म्हणाला, भिक्षा मागून खातो. गुरू म्हणाले, मला दिल्याशिवाय खाऊ नकोस. मग तो दुसऱ्यांदा भिक्षा मागू लागला. गुरू म्हणाले, त्याने इतरांचा वाटा बुडतो. मग गाईंचं दूध. तेही नको. मग वासरांच्या तोंडचा फेस. तोही नको, कारण वासरं दयेपोटी जास्त फेस टाकतील आणि उपाशी राहतील. शेवटी त्याने रुईची पानं खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला.

इथवर पाहिलं तर ही नियमांवर नियम चढवण्याचीच गोष्ट आहे. एक दार बंद केलं की भूक दुसरं शोधते. पण खरी परीक्षा पुढे आहे. गुरूंच्या सांगण्यावरून त्याने अश्विनीकुमारांची स्तुती केली. ते प्रसन्न झाले आणि त्यांनी खायला अपूप दिला. उपमन्यू म्हणाला, गुरूंना दिल्याशिवाय खाणार नाही. अश्विनीकुमार म्हणाले, तुझ्या गुरूंनीही पूर्वी असाच घेतला होता आणि त्यांच्या गुरूंना न देता खाल्ला होता. तूही खा. केवढी सोयीची पळवाट! साक्षात देव सांगताहेत आणि गुरूंचा दाखलाही आहे. तरी तो नाही म्हणाला. त्या वेळी विहिरीत त्याला बघणारं कुणी नव्हतं. नियम बाहेरून आला होता, पण आता तो आतला झाला होता. नियम आत उतरणं याला आपण संस्कार म्हणतो, आणि यंत्राच्या बाबतीत विद्वान आज जे शोधताहेत तेही हेच आहे.

बांगड्यांचा आवाज

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले ते भागवताच्या अकराव्या स्कंधात. त्यांत एक कुमारी आहे. घरचे बाहेर गेलेले, आणि तिला पाहायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडायला दुसरं कुणी नाही ही गरिबी पाहुण्यांना कळेल, याची तिला लाज वाटली. तिने एक एक करून बांगड्या उतरवल्या. दोन राहिल्या तरी वाजत होत्या. मग प्रत्येक हातात एकच ठेवली आणि काम पुरं केलं.

अवधूताने यातून एकांताचा धडा घेतला, तो साधकासाठी. आपण संसारी माणसं तिचं कामही पाहू. काम साधं होतं, भात कांडायचा. पण ते करताना तिने ओसरीवरच्या पाहुण्यांचे कान, आईबापांची अब्रू आणि पाहुण्यांचा संकोच, सगळं मनात धरलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या मनात माणसं होती, म्हणून तिला बांगड्या ऐकू आल्या. यंत्राला आवाज ऐकू येईल, त्याचं मोजमापही आपल्यापेक्षा अचूक करता येईल. लाज कशाची, ते कसं कळणार?

अलीकडे यंत्रं पुष्कळ पुढे गेली आहेत, हेही प्रांजळपणे सांगितलं पाहिजे. 2022 मध्ये गूगलच्या संशोधकांनी असा यंत्रमानव दाखवला, ज्याला "माझं पेय सांडलं, मदत करतोस का?" असं आपल्या बोलीत सांगितलं की तो पुसायला स्पंज आणायचा बेत करतो. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर वाचून तयार झालेली बुद्धी सांगते काय उपयोगाचं, आणि यंत्राचा अनुभव सांगतो काय जमण्यासारखं. दोन्हींचा मेळ घालून तो पाऊल उचलतो. उपयोगाचं काय आणि जमण्यासारखं काय, हे दोन प्रश्न झाले. तिसरा उरतो, योग्य काय. तो प्रश्न आपणही घाईत विसरतो.

आरुणी उठला

स्टुअर्ट रसेल हे या विषयातले नामवंत अभ्यासक. त्यांनी 2019 च्या आपल्या पुस्तकात एक साधा विचार मांडला आहे. यंत्राला कॉफी आणायला सांगितलं आणि त्याने तेवढंच अंतिम ध्येय मानलं, तर कुणी त्याला बंद करायला आलं की ते विरोध करील. कारण बंद पडल्यावर कॉफी कोण आणणार? जगण्याची हाव त्याच्यात कुणी घातली नव्हती, ती कामाच्या हट्टातून आली. यावर त्यांचा उपाय असा: माणसाला खरोखर काय हवं आहे ते मला पुरतं कळलेलं नाही, ही जाणीव यंत्रात असावी. मग माणूस थांब म्हणाला तर यंत्र समजेल, माझंच काही चुकत असेल.

हे वाचताना आरुणी आठवतो. धौम्यांनी त्याला शेताच्या फुटलेल्या बांधाचं पाणी अडवायला पाठवलं. माती टिकेना, दगड टिकेनात. शेवटी तो स्वतःच त्या भगदाडात आडवा पडला आणि पाणी थांबलं. इतकी गोष्ट आपण सगळे सांगतो. पुढची कधी कधी राहून जाते. संध्याकाळी गुरू शेतावर आले आणि त्यांनी हाक मारली. आरुणी तात्काळ उठला. उठल्याबरोबर बांध फुटून पाणी वाहू लागलं, ज्यासाठी दिवसभर अंग टाकलं होतं तेच गेलं. त्याने क्षणभरही हिशोब केला नाही. म्हणून त्याचं नाव उद्दालक पडलं आणि गुरूंनी त्याला ज्ञान दिलं.

भक्तहो, आरुणीची थोरवी त्याच्या आडवं पडण्यात जितकी आहे, तितकीच उठण्यात आहे. नुसता आडवा पडला असता तर तो हट्टी म्हणावा लागला असता. हाक आल्यावर "थांबा गुरुजी, आधी पाणी अडवू दे" म्हणाला असता, तर त्याचं प्रेम बांधावर होतं असं झालं असतं. त्याने काम जिवापाड केलं आणि काम सांगणाऱ्याच्या एका हाकेवर सोडून दिलं.

इथे एक शंका येते आणि ती टाळता येत नाही. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण आहे. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचं वाळलेलं लाकूड रोवून पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, वाळकं लाकूड कुठे फुटतं का? तो घालत राहिला. मग तोही सांगकाम्याच नव्हे का? यंत्राला सांगितलं असतं तर त्यानेही पाणी घातलंच असतं!

मला दोन फरक दिसतात. एक, यंत्राला लाकूड वाळलेलं आहे याचं काही वाटत नाही. नरहरीला ते पुरतं माहीत होतं. लोकांचं हसू त्याच्या कानांवर पडत होतं आणि तरी तो घागर उचलत होता. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. त्या आज्ञेत कष्ट होते ते त्याचे एकट्याचे. दुसऱ्या कुणाचा घास जात नव्हता, कुणाला इजा होत नव्हती. आपले कष्ट श्रद्धेवर टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे. दुसऱ्याचा जीव, पैसा, मान आपल्या श्रद्धेवर टाकण्याचा नाही. "मला सांगितलं होतं, मी केलं" हे उत्तर नरहरीच्या तोंडी शोभतं. पंचतंत्रातल्या माकडाच्या तोंडी शोभत नाही.

घरातला प्रश्न

आता आपल्या घरी येऊ. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं लांब आहेत. गोळ्यांची आठवण करणारी, पडलं तर निरोप धाडणारी उपकरणं घरात येऊ लागली आहेत. जपानमध्ये 'पारो' नावाचं सीलच्या पिल्लासारखं मऊ यंत्र वृद्धाश्रमांत आजी-आजोबा मांडीवर घेऊन कुरवाळतात. आईबापांची सेवा यंत्रावर सोपवावी का, हा प्रश्न उद्याचा राहिलेला नाही.

'रोबो' हा शब्द कुठून आला पाहा. चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920 च्या नाटकातून. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. म्हणजे यंत्राच्या नावातच वेठ आहे. मग उत्तर सोपं होतं: कामातली वेठ यंत्राला द्यावी, सेवा आपल्याकडे ठेवावी. मिक्सर आला म्हणून पाट्यावर वाटलं नाही, तरी पुरणाचा नैवेद्य उणा झाला नाही. तसं पाणी भरणं, जिना चढून औषध आणणं, रात्री दर तासाला ताप मोजणं हे यंत्राने केलं तर बिघडलं काय? मुलाने उलट आभारच मानावेत. पण त्यातून वाचलेला वेळ त्याने आईजवळ बसून घालवला, तर ती सेवा. यंत्र आणून दिलं आणि फोनही बंद झाला, तर त्याने आईलाच वेठीत काढलं म्हणायचं.

आणि आपण स्वतः? सप्ताहात अध्याय भराभर उरकताना, जप मोजताना लक्ष घड्याळाकडे असेल, तर त्या वेळी शेकीत आणि आपल्यात फरक किती? माळ फिरवणारं यंत्र सहज करता येईल आणि त्याचे मणी कधी चुकणार नाहीत.

गाणगापुरात दुपारी माधुकरीची वेळ होते, तेव्हा दारोदार भिक्षा वाढली जाते. महाराज रोज मध्यान्ही तिथे भिक्षेला येतात ही आपली श्रद्धा आहे. कोणत्या रूपात, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून वाढणारी बाई समोरच्या फाटक्या माणसालाही हात आखडता घेऊन वाढत नाही. हा असेल, कोण जाणे! आपल्याला पुरतं कळलेलं नाही हीच तिच्या हातातली नम्रता आहे. कॅलिफोर्नियातल्या विद्वानांना यंत्रात जी घालायची आहे, ती या ओसरीवर रोज वाढली जाते.

अवधूताने पतंगाला, माशाला, हरणालाही गुरू केलं. काय करू नये ते त्यांच्याकडून घेतलं. आज तो चालत आला असता तर या यंत्राकडेही थोडा वेळ बघत उभा राहिला असता. यंत्र पंचविसावा गुरू ठरेल की नाही, ते आपण काय शिकतो त्यावर आहे. यंदा जन्मकाळाच्या आधी घरातलं कुणी सुंठ आणायला धावेल, तेव्हा वाटेत कुणी पडलेलं दिसलं आणि त्यापायी सुंठवड्याला उशीर झाला, तर रागावू नका. महाराज थांबतील.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥